चढावावर दगडांचा टेम्पो अडकला, मागचं काहीतरी तुटलं, कोणी जाणकार असेल तर सांगा

कुळागरकार
नमस्कार मंडळी. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला आहे. लिहिणं थोडं लांब होणार, पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला अंदाज येणार नाही.

आमचं कुळागर, म्हणजे पोफळी-केळीची बाग, वाळपईच्या पलीकडे नगरगावच्या वाटेवर. खालच्या अंगाचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, आजोबांच्या वेळचा, गव्यांनी तो तीन ठिकाणी पाडलाय आणि त्याच वाटेने रानडुकरं आत शिरून केळी आणि पोफळीची रोपं उपटून टाकतात. यंदा पावसाआधी गडगा घालायचाच असं घरात ठरलं. आता जांभ्याचे चिरे विकत घ्यायचे तर खर्च बराच, आणि आमचं काजूचं भाट (बाग) आहे होंड्याच्या बाजूला, तिथे बाबांनी चाळीस वर्षं जमीन साफ करताना उचललेले दगड मेरेला म्हणजे हद्दीवर रचून ठेवलेत, मोठी रास आहे. म्हटलं घरचेच दगड आहेत, तेच आणूया.

टेम्पो गावातल्याच एका काकांचा, जुना सहाचाकी, चालवायला त्यांचा पुतण्या, पोरगा चांगला आहे, सावकाश चालवतो. याच टेम्पोतून मी गेल्या वर्षी न्हाणीघरासाठी ८० चिरे आणले होते, काही झालं नव्हतं. यावेळी आम्ही चौघांनी सकाळपासून दगड भरले. हौद्यात दीड फूट झाले असतील, फाळक्याच्या अर्ध्यावरसुद्धा नाही, पोरगा म्हणाला पुरे आता, आणि मीच म्हटलं अजून जागा आहे, आणखी थोडे टाक. हे मी लपवत नाही.

वाळपई सोडल्यावर एका चढावाला समोरून बस आली म्हणून त्याने टेम्पो बाजूला घेऊन थांबवला. बस गेली, पहिला गिअर टाकून क्लच सोडला आणि खालून कडाक असा आवाज आला, एवढा मोठा की मला वाटलं टायर फुटला. इंजिन चालू, गिअर पडतोय, पण गाडी पुढे जाईना, उलट मागे सरकायला लागली. त्याने हँडब्रेक ओढला तर तो धरेना! पायाचा ब्रेक दाबून धरला म्हणून थांबली. मी आणि दुसरा एक जण उडी मारून उतरलो आणि हौद्यातलेच दोन मोठे दगड मागच्या चाकांखाली घातले. मागे एक बाई स्कूटरवर लहान मुलाला घेऊन थांबली होती, ते आठवलं की अजून हात कापतात.

संध्याकाळी मेकॅनिक आला, वाकून बघितलं आणि म्हणाला क्राऊन (मागच्या चाकांमधल्या पेटीतलं मोठं दातेरी चाक) गेला, सगळं उघडावं लागणार, मोठा खर्च आहे. काका म्हणतात दगड तुझे, जास्त भरायला तू सांगितलंस, खर्च तू दे. मला पळ काढायचा नाही, पण सगळा खर्च माझा हे बरोबर आहे का तेही कळत नाही. टेम्पो अजून तिथेच उभा आहे दगडांसकट, मागे झाडाच्या फांद्या लावल्यात. तर तीन गोष्टी विचारतो, गाडी तिथून काढायची कशी, हँडब्रेक का धरला नाही, आणि उरलेले दगड आणायचे कसे, कारण अजून निदान चार खेपा तिथे पडून आहेत आणि पाऊस काही थांबणार नाही आमच्यासाठी.

खनिजवाट
बाबा, आधी फांद्या काढ आणि टेम्पोत जो लाल त्रिकोण असतो तो लाव, मागे लांब, वळण असेल तर वळणाच्या अलीकडे. रात्री फांदी दिसत नाही, स्कूटरवाला सरळ त्यात जातो. मी २०१२ साली खाणी बंद पडेपर्यंत खनिजाचा ट्रक चालवला, डिचोली-साखळीच्या रस्त्यांवर, असल्या रात्री बऱ्याच काढल्यात म्हणून सांगतो.

दुसरी गोष्ट, भरलेला टेम्पो ओढायला जाऊ नकोस. कोणीतरी सांगेल जेसीबी लाव, साखळी बांध. चढावावर एवढ्या ओझ्याची बिघडलेली गाडी साखळीने ओढायची म्हणजे साखळी तुटली की खाली जो असेल त्याचं काय ते देवाला माहीत. दुसरी गाडी बाजूला लावून हाताने दगड उतरव, अर्धे अर्धे करून दोन खेपांत ने. वेळ जाईल, जाऊ दे. टिपर असता तरी चढावावर हौदा उचलू नको म्हणूनच सांगितलं असतं, एका बाजूचा पाटा (चाकावरची स्प्रिंग) बसलेला असला की गाडी आडवी होते.

टो करताना आणखी एक. मागची चाकं जमिनीवर ठेवून ओढणार असाल तर प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागे क्राऊनपर्यंतचा दांडा) सोडवा नाहीतर दोन्ही बाजूचे एक्सल (क्राऊनपासून चाकापर्यंतचे दांडे) काढून घ्या. इंजिन बंद असताना चाकं फिरली की गिअरबॉक्सची मागची बाजू फिरते आणि आत तेल उडत नाही, लांब ओढलं तर गिअरबॉक्सपण जातो. आणि इंजिन बंद असताना ब्रेक दगडासारखा कडक लागतो, आत बसणाऱ्याला हे आधी सांगून ठेवा.

आणि चाकाखाली घातलेले दगड गाडी हलवल्यावर रस्त्यावर ठेवू नका. लोक गाडी घेऊन निघून जातात आणि दगड तिथेच, रात्री कोणाचा तरी पोर त्यावर आपटतो. एक एक उचलून हौद्यात टाका.

पाना_फोंडा
मी फोंड्याला गॅरेजमध्ये काम करतो, बावीस वर्षं मागचे एक्सल उघडतोय. तुम्ही जे सांगितलं ते वाचून मला क्राऊन वाटत नाही, एका बाजूचा एक्सल तुटला असं वाटतं. क्राऊनचे दात गेले तर गिअर टाकला की पोटातून कडकड, खरखर असा आवाज येत राहतो. तुमच्याकडे एकच कडाक झालं आणि नंतर इंजिन मोकळं फिरलं.

बघायचं असं. चारी चाकांखाली नीट अडण लावा, मग एकाने इंजिन चालू करून गिअर टाकायचा आणि दुसऱ्याने बाजूला उभं राहून, खाली न शिरता, प्रोपेलर शाफ्ट फिरतोय का बघायचं. फिरत नसेल तर क्लच किंवा गिअरबॉक्स. फिरतोय आणि चाक फिरत नाही तर बिघाड मागे आहे. मग मागच्या चाकाच्या मधोमध जी गोल प्लेट बोल्टनी बसवलेली असते ते बोल्ट काढून एक्सल बाहेर ओढा. पूर्ण लांबीचा आला तर चांगला आहे, अर्धाच आला तर तोच तुटलाय. असल्या गाड्यांत चाक वेगळ्या बेअरिंगवर असतं, एक्सल काढला तरी चाक पडत नाही, त्यामुळे हे रस्त्यावर पण करता येतं. आधी हे करा, मग क्राऊनचं बोला. मेकॅनिकला वाईट म्हणत नाही, संध्याकाळच्या अंधारात वाकून बघून कोणालाही नक्की सांगता येणार नाही.

हँडब्रेकचं उत्तर पण यातच आहे. तुमच्या टेम्पोचा हँडब्रेक बहुतेक चाकात नाही, गिअरबॉक्सच्या मागे ड्रम असतो त्यावर आहे. तो प्रोपेलर शाफ्ट धरतो, शाफ्ट क्राऊनला धरतो आणि क्राऊन दोन एक्सलमधून दोन चाकांना. त्यातला एक एक्सल तुटला की डिफरन्शियलमुळे, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या जोडणीमुळे, दुसरं चाकपण मोकळं फिरतं. म्हणजे हँडब्रेक चांगला होता तरी तो धरणार नव्हता. हे ड्रायव्हर लोकांना कोणी सांगत नाही आणि घाटात याच कारणाने गाड्या मागे जातात. पोराने पायाचा ब्रेक सोडला नाही, त्याला माझा नमस्कार सांगा.

आता खर्चाचं, आणि हे महत्त्वाचं आहे. तुटलेला तुकडा फेकू देऊ नका. तुटलेलं तोंड फडक्याने पुसून उजेडात बघा. सगळं तोंड चकचकीत, खडीसाखरेसारखं दाणेदार असेल तर तो त्याच दिवशी एका झटक्यात तुटला, म्हणजे ओझं आणि चढावावरचा झटका. पण तोंडाचा काही भाग काळपट, गुळगुळीत, गंज धरलेला आणि त्यावर शिंपल्यासारख्या रेघा असतील तर तिथे जुनी चीर होती, महिनोन् महिने थोडी थोडी वाढत होती, आणि त्या दिवशी फक्त उरलेलं तुटलं. हे तोंड खोटं बोलत नाही. फोटो काढून इथे टाका.

नवीन एक्सल बसवायच्या आधी आत राहिलेला तुकडा काढायला विसरू नका, समोरच्या बाजूचा एक्सल काढून लांब सळीने ढकलला की येतो. आणि क्राऊनच्या पेटीतलं ९० नंबरचं जुनं तेल सगळं काढून त्यात लोखंडाचा चुरा आहे का ते बोटाने बघा. चुरा, कपच्या असतील तर मग उघडावंच लागेल.

फातर
मी शाळेत विज्ञान शिकवते, दगड हा माझा आवडीचा विषय, म्हणून तुमच्या एका वाक्यावर अडकले. ८० चिऱ्यांना काही झालं नाही आणि अर्ध्या हौद्याला एक्सल तुटला. तुमचे दगड कोणत्या रंगाचे आहेत? लाल, भोकं भोकं असलेले, का काळपट तांबूस आणि अंगावर पट्टे पट्टे असलेले?

विचारते कारण होंडा, पिसुर्ले हा सगळा लोहखनिजाचा पट्टा. तिथल्या जमिनीत जांभ्याबरोबर पट्टेदार दगड सापडतात, एक पट्टा गारेचा आणि एक हेमेटाइटचा म्हणजे लोखंडाच्या खनिजाचा. जांभा हलका, आत पोकळ्या असतात, पाण्याच्या दुप्पट वजनाच्या आसपास. शुद्ध हेमेटाइट पाण्याच्या पाच पटींहून जड. पट्टेदार दगड या दोघांच्या मधे कुठेतरी, हेमेटाइट जितकं जास्त तितका जड. हातात एक एक दगड घेताना हे कळत नाही, कारण आपण मोठा दगड जडच असणार असं धरून चालतो.

वजन काढायला काटा लागत नाही. रंगाची २० लिटरची रिकामी बादली घ्या, तुमच्या राशीतले लहान दगड तिच्यात काठोकाठ भरा, मधल्या फटी राहू द्या, आणि रेशनच्या किंवा भंगारवाल्याच्या काट्यावर तोला. बादलीचं वजन वजा करा आणि ५० ने गुणा, म्हणजे एका घनमीटरला किती किलो ते आलं. मग हौदा मोजा. १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि दीड फूट उंच धरला तर ९० घनफूट, एका घनमीटरला साधारण ३५.३ घनफूट, म्हणजे अडीच घनमीटरहून थोडं जास्त. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट हे तुमच्या काकांना माहीत असेलच, म्हणजे तुम्ही ब्रासला थोडीच कमी भरली होती.

आणि पट्टेदार दगड निघाले तर आणखी एक सांगते, रागावू नका. लोहखनिज म्हटलं की ते स्वतःच्या भाटातलं असलं तरी ट्रकात घालून रस्त्यावरून न्यायचं म्हणजे घरचे दगड हलवले एवढं साधं राहत नाही. पणजीला खाण संचालनालयात एक दगड घेऊन जा, दाखवा आणि विचारा. साधे बांधकामाचे दगड आणि चिरे हेसुद्धा कायद्याने गौण खनिजात येतात, वाहतुकीचा कागद लागतो, तोही तिथेच विचारून घ्या.

डिचोलीकार
वरच्या सगळ्यांचं बरोबर आहे पण मला काकांचं म्हणणं पटत नाही. माझे स्वतःचे दोन टेम्पो आहेत. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, लिहिलेलं असतं रिकाम्या गाडीचं वजन किती आणि भरून जास्तीत जास्त किती, त्यातला फरक म्हणजे ओझं, आणि त्या ओझ्यातच ड्रायव्हर आणि पुढे बसलेली माणसंपण आली. हे माहीत असणं गिऱ्हाइकाचं काम नाही, मालकाचं आहे. माझ्या पोरांना मी सांगून ठेवलंय की पाटा सरळ झाला की भरणं बंद, मग गिऱ्हाइक रागावला तरी चालेल. पाट्याची कमान उलटी व्हायला लागली की समजायचं खाली सगळ्यावर ताण आलाय.

बाकी पोलिसांनी धरलं असतं तर हे भांडण करायला तुम्ही दोघं मोकळे नसता. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा ओझ्याला २०,००० रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये आणखी, आणि जादा माल उतरवल्याशिवाय गाडी सोडत नाहीत. कायद्यात चालवणाऱ्याबरोबर चालवायला लावणारापण येतो, म्हणजे नुसतं पोरगं नाही. विम्याकडून काही मिळेल अशी आशा ठेवू नका, साध्या पॉलिसीत यांत्रिक बिघाड धरत नाहीत.

कुळागरकार
सगळ्यांना देव बरें करूं. काल दिवसभर त्याच कामात होतो, आता सांगतो काय झालं ते.

सकाळी सहाला गेलो, त्रिकोण आदल्या रात्रीच लावला होता. दुसरा टेम्पो बोलावून दगड उतरवले, दोन नाही तीन खेपा कराव्या लागल्या. मग पाना_फोंडा यांनी सांगितलं तसं मेकॅनिकला विनंती केली, तो पण भला माणूस, म्हणाला बघूया. चारी चाकांखाली दगडांची अडण लावली, शाफ्ट फिरत होता. डाव्या बाजूचे बोल्ट काढले, एक्सल पूर्ण आला. उजव्या बाजूचा अर्धाच आला! क्राऊनला काही झालेलं नाही, तेल काढून बघितलं, चुरा नाही.

तुकडा मी घरी आणलाय. पुसून उन्हात धरला तर एका कडेला तिसरा हिस्सा काळा गुळगुळीत आहे आणि त्यावर खरंच शिंपल्यासारख्या रेघा आहेत, बाकीचा दोन हिस्से चकचकीत. काकांना दाखवला. ते बराच वेळ हातात फिरवत बसले, मग म्हणाले दोन वर्षांमागे एका गिऱ्हाइकाची रेती नेताना अशीच ओढाताण झाली होती.

आणि फातर ताई, तुमची बादली. मेरेला जाऊन भरली आणि दुकानात तोलली, ४१ किलो, त्यातला एक किलो बादलीचा. ४० गुणिले ५० म्हणजे घनमीटरला दोन टन, म्हणजे हौद्यात पाच टनांच्या वर. आरसी बघितली, भरून ५३०० आणि रिकामी २८००. म्हणजे अडीच टनांच्या गाडीत मी दुप्पट ओझं घालायला लावलं, आणि वर आम्ही तिघं पुढे बसलेलो. ८० चिऱ्यांचं पण गणित केलं, एक चिरा तीस किलो धरला तर २४०० होतात, तेव्हा आम्ही नकळत बरोबर काठावर होतो. दगडांवर पट्टे आहेत, सगळ्यांवर नाही, पण निम्म्यांवर तरी आहेत.

पाना_फोंडा
एक हिस्सा जुना आणि दोन हिस्से नवे, म्हणजे जे तोंड सांगतंय तेच करा. मी मालक असतो तर तेवढंच मागितलं असतं. नवा एक्सल बसवताना उजव्या बाजूचे यू बोल्ट, सेंटर बोल्ट आणि पाटे पण बघून घ्या, पाच टन त्यांनीही उचललेत. डावा एक्सल बाहेर आहेच तर तोही घासून पुसून जिथे दात असतात तिथे चीर आहे का बघा, दोघांनी सारखंच आयुष्य काढलंय.

मेरेवरची
मी केरीची, आमच्याकडे गडगे अजून हातानेच घालतात म्हणून लिहिते. मला वाटतं तुम्ही सगळे गाडीचंच बोलताय आणि गडगा राहिला. कुळागरकार दादा, पडलेल्या गडग्याचे दगड कुठे गेले? गव्याने पाडलेला गडगा म्हणजे दगड तिथेच खाली ओहळात किंवा पाचोळ्याखाली असतात, कोणी नेत नाही. आधी ते उचला. माझ्या सासऱ्यांनी तीन ठिकाणचा गडगा परत घातला तेव्हा बाहेरून फक्त वरच्या थराला दगड लागले होते.

घालताना पायाला सगळ्यात मोठे, दोन्ही बाजूंनी आत कलत न्यायचा, आणि दर दोन हातांवर एक लांब दगड आडवा घालायचा जो दोन्ही तोंडांना बांधून धरेल. माती भरू नका, पावसाचं पाणी फटीतून जायला पाहिजे, नाहीतर पाणी तुंबतं आणि पोट फुगून तो पडतो, मग नाव गव्याचं होतं. आणि गवा रोज एकाच वाटेने येतो, ती त्याची जुनी वाट असेल तर तिथे कितीही जाड घाला तो पाडणारच, तिथे चिंचोळी वाट सोडून बाजूला काटेरी झाडी लावा.

कुळागरकार
मेरेवरची वहिनी, आज दुपारी आई आणि मी खाली ओहळात उतरलो. पाचोळा बाजूला केला तर दगड आहेत, शेवाळ धरलेले, आजोबांनी फोडलेले चिरेच बहुतेक. आईने काठीने दाखवत दाखवत पन्नासेक मोजले आणि अजून पुढे आहेत म्हणाली. तिला माहीत होतं, मी विचारलंच नव्हतं.

काकांशी बोलून झालं. एक्सल आणि मजुरी मिळून जे होईल त्याचे तीन हिस्से करायचे, एक त्यांचा, दोन माझे, दुसऱ्या टेम्पोच्या तीन खेपा पूर्ण माझ्या. पुतण्याचे दोन दिवस गेले तेही मी देतो म्हटलं तर काका नको म्हणाले, पण मी त्याच्या हातात दिले, त्याने पाय ब्रेकवरून काढला असता तर काय झालं असतं ते मला माहीत आहे.

होंड्याची रास तिथेच राहू दे सध्या. सोमवारी एक पट्ट्याचा दगड आणि एक साधा दगड पिशवीत घालून पणजीला जातोय, खाण संचालनालयात काय सांगतात ते इथे लिहितो. तोवर ओहळातले चिरे वर काढायला दोन माणसं सांगितलीत.

खनिजवाट
रस्त्यावर लावलेले दगड उचलले काय रे?

कुळागरकार
उचलले दादा. चारही. मोजून.